माझी परीक्षा पुन्हा घ्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


जड वाहन चालवण्याची माझी परीक्षा साडेचार मिनिटांत आटोपली. ड्रायव्हिंग स्कूलची रिकामी मिनीबस होती. पहिला गिअर, दुसरा गिअर, दोनशे मीटर सरळ, एक वळसा आणि परत. रिव्हर्स घ्यायला कुणी सांगितलं नाही. डाव्या आरशात काय दिसतं ते विचारलं नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली नाही, कारण त्या मैदानात चढच नव्हता. मी उतरले, पुढचा उमेदवार चढला. काही दिवसांनी पोस्टमन परवाना घरी देऊन गेला. त्या परवान्यावर मी आज ३६ फूट लांबीची, भरून १६ टनांपर्यंत जाणारी बस कुठल्याही गावातून, शाळा सुटायच्या वेळेलासुद्धा, नेऊ शकते.

त्याच बसमध्ये पुस्तकांची फडताळं बसवण्याची मंजुरी मागत मला चौदा महिने झाले. ती अजून हातात नाही.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून तुम्हाला दाखवायच्या आहेत, म्हणून हे पत्र. त्यात मी कुठल्या कार्यालयाचं किंवा अधिकाऱ्याचं नाव घेतलेलं नाही. मला भेटलेली बहुतेक माणसं सज्जन होती आणि त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता.

आधी बस कशासाठी ते सांगते. मी पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं शिकवलं. आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात. मजुरीची उचल आधीच घेतलेली असते. भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या असं सगळं चढतं आणि त्याच्यावर माझा निम्मा वर्ग बसतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, कुठे कर्नाटकातही. गुढीपाडव्याच्या मागेपुढे माणसं परततात. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांचा उपयोगही होतो. पण सगळी मुलं मागे राहत नाहीत. आई उसाच्या फडात गेली की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा तिसरी-चौथीतली बहीण. एका वर्षी अशीच एक मुलगी ट्रकमध्ये चढण्याआधी पळत आली आणि वाचायला नेलेलं पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, "बाई, तिकडं भिजंल." पुस्तक तिने पिशवीत, पिशवी ओढणीत गुंडाळली होती. ते मी परत घ्यायला नको होतं. पण तिच्या कोपीला दार नव्हतं, पेटी नव्हती, पुस्तक ठेवायला कोरडा कोपरा नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतून मी बस घ्यायचं ठरवलं ते यासाठी. खोली बांधली असती तर ती पाटोद्यात राहिली असती आणि मुलं साखर कारखान्यावर.

पहिला विचार एसटीचा आला. आमच्या भागात एसटीखेरीज दुसरी बस कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. निकाली काढलेली लाल गाडी लिलावात घ्यावी, दुरुस्त करावी, असं मनात होतं. मग कळलं की १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्यात परिवहन महामंडळांच्या बसही येतात आणि अशा गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडायच्या असतात. मला वाईट वाटलं, पण हा नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या इंजिनाचा धूर शेवटी त्याच मुलांच्या नाकात जातो.

म्हणून खासगी बस शोधली. माझ्या शेजारी एसटीचे निवृत्त चालक राहतात. त्यांना आख्खी गल्ली तात्या म्हणते. त्यांच्याकडे विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे, देव्हाऱ्याशेजारी टांगलेला. ते सोबत नसते तर मी नव्या रंगाला भुलले असते. पहिल्या यार्डात चकचकीत बस होती. तात्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. मागच्या दाराच्या पायरीखाली ते आडवे झाले आणि लहान हातोडीने पत्रा ठोकत गेले. टण्, टण्, टण्, आणि मग एका जागी फद्द. तिथे गंजावर पुट्टी भरून रंग मारला होता. दुसऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून चुलीसारखा धूर धपापत बाहेर आला. "पिस्टन गेलेत, बाई. चला." तिसरी गाडी एका कंपनीची कामगार ने-आण करणारी ११ वर्षांची अशोक लेलँड होती. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, पण चेसिसला कुठे वेल्डिंगचा जोड नाही, कमानपाटे सरळ, आणि मीटरच्या काट्याने हवा भरल्याचं दाखवल्यावर इंजिन बंद करून पाव तास थांबलो तरी काटा हलला नाही. ब्रेकची हवा धरून ठेवणारी गाडी पाहिजे, हे त्या दिवशी शिकले. ४ लाख २० हजारांना व्यवहार झाला. पैसे देण्याआधी तात्यांनी थकलेला कर, दंडाची चलनं, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, विमा आणि पासिंगची तारीख हे सगळं तपासून घेतलं, आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याची छाप आरसी बुकाशी ताडून पाहिली. जुनी बस घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं. फसवणूक रंगापेक्षा कागदांत जास्त असते.

इथून पुढे माझी वाट हरवली.

केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांच्या प्रकारांची यादी आहे. तिच्यात फिरता दवाखाना, एक्स-रे व्हॅन आणि लायब्ररी व्हॅन यांचा परिवहन वाहनांमध्ये स्पष्ट उल्लेख आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन मात्र बिगर-परिवहन गटात येते. म्हणजे फिरतं ग्रंथालय कायद्याला वीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर मात्र मला विचारलं गेलं, "कंपनीच्या बसची लायब्ररी कशी होईल?" मी अधिसूचनेची प्रत पुढे केली. त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं गेलं: उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. ते मला मान्य आहे. मनाला येईल तशी गाडी कापून लोकांनी रस्त्यावर आणली तर माणसं मरतील. पण मग लायब्ररी व्हॅन हा प्रकार यादीत आहे तो कुणासाठी? मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आणा, असं सांगितलं. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय मोठी संस्था आहे, तिथल्या चाचण्या हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आहेत. गावच्या सुताराने आणि फॅब्रिकेटरने मिळून केलेली एकच एक गाडी त्या दारातून कशी न्यायची, हे मला कुणी कागदावर लिहून दिलं नाही. एका टेबलावर म्हणाले, आधी बदल करा, मग बघू. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, परवानगीआधी स्क्रूसुद्धा फिरवू नका.

मी पहिल्या टेबलाचं ऐकलं. सीटा काढल्या, फडताळं केली. कार्यालयातले साहेब पाहायला आले तेव्हा प्लायवूड लागून गेलं होतं. मला वाटतं, माझी चूक इथे झाली आणि व्यवस्थेचीही. प्लायवूडच्या मागून जाणारी वायर किती जाडीची, तिच्यावर नळी चढवली आहे का, फ्यूज कुठे, हे बघायला मार्गच उरला नव्हता. त्यांनी बाहेरून चार फोटो काढले. लाकूड, कागद आणि वायर एकत्र असलेल्या गाडीत सगळ्यात मोठं भय आगीचं, आणि नेमकी तीच जागा तपासणीतून सुटली. मी नंतर स्वतःहून दोन फळ्या उचकटून इलेक्ट्रिशियनकडून सगळी जोडणी पुन्हा करून घेतली. ते करा असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

वजनाचंही तसंच. पुस्तकं जड असतात, म्हणून बस खाली दबेल, असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. मी बस वजनकाट्यावर नेली. सीटांसकट, रिकामी असताना ९ टन १२० किलो. सीटा काढून फडताळं, २८०० पुस्तकं, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी घातल्यावर ९ टन ८१०. ४४ कामगार बसत तेव्हा ती १२ टनांच्या घरात जात असणार. म्हणजे माझं ग्रंथालय कामगारांच्या खेपेपेक्षा दोन टनांनी हलकं आहे. खरा प्रश्न वजन कुठे आहे हा होता. सुताराने शब्दकोश आणि जाड पुस्तकं उजवीकडे वरच्या फळीवर लावली. गाडी उजवीकडे कलली, डोळ्याला दिसावी इतकी. सगळं उतरवलं, जाड पुस्तकं दोन्ही बाजूंना तळाला घेतली, बालभारतीची पातळ पुस्तकं वर चढवली. प्रत्येक फळी मागच्या बाजूला कलती केली आणि पुढे दोन इंचांची पट्टी ठोकली. आता वळणावर एकही पुस्तक खाली येत नाही. संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं तसंच मोकळं ठेवलं आहे, त्याच्यासमोर काही ठेवायचं नाही हा आमचा पहिला नियम.

माझी पहिली मागणी ही. एकट्या-दुकट्या बदललेल्या बससाठी, निदान ग्रंथालय, दवाखाना आणि प्रयोगशाळा यांसाठी, एक पानाची कार्यपद्धती मराठीत काढा आणि प्रत्येक कार्यालयात लावा. काम सुरू होण्याआधी आराखडा मंजूर व्हावा. मग सांगाडा आणि वायरिंग उघडं असताना एक तपासणी, आणि शेवटी काट्यावर वजन करून दुसरी. तिन्ही टप्प्यांना मुदत असावी. आठ वर्षांवरच्या परिवहन गाडीचं पासिंग दरवर्षी होतंच, त्यामुळे गाडी तुमच्या नजरेआड जात नाही. बदललेल्या बस काही नव्या नाहीत: पुण्यात २०१६ पासून जुन्या सिटी बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सहलीला निघालेल्या माणसाची गाडी सरकारला समजते, तर पोट भरायला निघालेल्या मजुराच्या मुलांची गाडीही समजेल, अशी मला आशा आहे.

आता परवान्याचं. कायद्याने मागितलं ते सगळं मी केलं. हलक्या वाहनाचा परवाना माझ्याकडे पूर्वीपासून होता, त्यामुळे परिवहन वाहनाचं लर्निंग मिळालं. डॉक्टरचा दाखला जोडला. प्रशिक्षणाचा फॉर्म ५ ड्रायव्हिंग स्कूलने दिला, तिथे मी तीन दिवस गेले होते. काहींनी सुचवलं की बाई, छोटी बस घ्या. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला आहे की साडेसात टनांपर्यंतचं परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. निकाल योग्यच आहे, लाखो चालकांच्या पोटाचा प्रश्न त्याने सुटला. पण छोट्या बसमध्ये पुस्तकं आणि तीस मुलं एका वेळी मावत नाहीत. शिवाय मला परीक्षा चुकवायची नव्हती.

शिकवलं खरं तात्यांनी. बाजाराचा दिवस सोडून बाजारतळ मोकळा असतो. पहाटे सहाला एल लावलेली बस तिथे न्यायची. पहिले आठ दिवस त्यांनी मला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. नवव्या दिवशी वळताना मी पुढच्या चाकाकडे बघत राहिले आणि मागच्या चाकापलीकडचा दहा फुटांचा भाग उलट बाजूला झाडूसारखा फिरला. चहाच्या टपरीचा बांबू मोडला, छपराची ताडपत्री खाली आली. टपरी बंद होती, आत कुणी नव्हतं. मी नुकसान भरून दिलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. तात्या रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढचं समद्यांनाच दिसतं. आता मागं काय चाललंय ते सांगत चला." त्यानंतर प्रत्येक वळणाला मी मोठ्याने बोलत चालवते: डावा आरसा, शेपूट, उजवा आरसा.

एका सकाळी त्यांनी घरून सहा घागरी आणल्या. मला सीटवर बसवलं आणि बसच्या डाव्या अंगाला, दारापासून मागच्या चाकापर्यंत, कुठेतरी मांडून ठेवल्या. म्हणाले, "मोजा." मी आरशात पाहिलं, मान लांब करून पाहिलं. दोन दिसल्या. खाली उतरून गेले तर बाकीच्या चार तिथेच होत्या, एक तर मागच्या चाकाला टेकलेली. घागर म्हणजे बसलेल्या पोराएवढी. कोपीवर बस पोचली की मुलं डाव्या बाजूनेच धावत येणार, कारण दार तिकडे आहे. मी त्या दिवशी बराच वेळ घागरींपाशी उभी होते. नंतर डाव्या बाजूला एक जादा गोल आरसा बसवला, आणि सोबतीची व्यक्ती खाली उतरून हात वर करेपर्यंत बस हलवायची नाही असं ठरवून टाकलं.

मग सौताड्याचा घाट. छोटा आहे, पण शिकायला पुरतो. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा, ब्रेकवर सारखा पाय ठेवू नका, हवा संपत जाते आणि लायनर तापतात. चढावर थांबून हँडब्रेकवर गाडी धरायची आणि बोटभरही मागे न जाऊ देता उचलायची. हे मला तीन आठवडे जमलं नाही. परीक्षेच्या दिवशीही दहापैकी सातदाच जमत होतं. परीक्षेत ते विचारलं असतं तर मी कदाचित नापास झाले असते, आणि ते बरोबरच झालं असतं.

महोदय, मी काही नवीन मागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५ वा नियम काढून पाहा. उमेदवाराने ज्या प्रकारच्या वाहनाचा परवाना मागितला त्याच प्रकारच्या वाहनावर परीक्षा व्हावी, त्याने आरसे वापरावेत, मागे गाडी घ्यावी, चढावर गाडी उचलावी, हे सगळं त्यात आहे. २०२१ च्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जड वाहनाचा सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आखून दिलेला आहे. भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था (सीआयआरटी) १९६७ पासून उभी आहे. कसं शिकवावं आणि कसं तपासावं हे महाराष्ट्राला माहीत नाही असं नाही. २०२३ पासून एसटीच्या स्टिअरिंगवर बायका बसू लागल्या, त्या आधी महिनोन्महिने प्रशिक्षण घेऊन. जी काळजी एसटी आपल्या चालकाबाबत घेते, ती माझ्याबाबत का घेतली गेली नाही? रस्ता तर तोच आहे.

तात्यांचं म्हणणं असं की परीक्षा अवघड केली की दलालाचा दर तेवढा वाढतो. त्यांनी आयुष्य डेपोत काढलं आहे, त्यामुळे मी हे हसण्यावारी नेत नाही. यावर मला एकच उपाय सुचतो. जड वाहनाच्या प्रत्येक परीक्षेचं चित्रण व्हावं, आणि ते उमेदवाराला परवान्यासोबत मिळावं, पास असो वा नापास. साडेचार मिनिटांचं चित्रण कुणालाही दाखवायला कार्यालयालाच संकोच वाटेल. आणि ज्या कार्यालयाच्या मैदानात चढ नाही, त्याने जवळच्या घाटात किंवा पुलाच्या उतारावर परीक्षा घ्यावी. आमच्या जिल्ह्यात घाटांना तोटा नाही.

माझी दुसरी मागणी माझ्यापुरती आहे. परवाना माझ्याकडे पाच वर्षांसाठी आहे आणि तो परत घ्या असं मी म्हणत नाही. पण दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्यांच्या मागोमाग ही बस घेऊन मला जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर असं करत सांगली जिल्ह्यात जायचं आहे. त्याआधी, तुम्ही सांगाल त्या दिवशी, माझी परीक्षा पुन्हा घ्या. माझ्याच बसवर, पुस्तकं भरलेली असताना. रिव्हर्स घ्यायला लावा, घाटात थांबवा, डावीकडे घागरी मांडा. नापास झाले तर तात्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने गाडी चालवायचं कबूल केलं आहे. मी शेजारच्या सीटवर बसेन आणि पुढच्या हंगामापर्यंत शिकेन.

सोबत बसचा आराखडा, वजनकाट्याच्या दोन पावत्या, वायरिंगचे फोटो आणि चौदा महिन्यांतल्या अर्जांच्या पोचपावत्या जोडल्या आहेत. आराखड्यात दाराजवळच्या फडताळाची सगळ्यात खालची फळी रिकामी दिसेल. तिथे झाकणाचे ४० प्लास्टिकचे डबे ठेवायचे आहेत. पुस्तक नेणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यासोबत एक डबा द्यायचा आहे, म्हणजे कोपीत ते भिजणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. पाटोदा, जि. बीड